मॅचिंग मिळणार नाही

मराठी बाईची रंगांची पारख बघायची असेल तर कुठल्याही मॅचिंग सेंटरच्या पायरीवर जरा वेळ उभं राहावं. आतल्या ट्यूबलाइटखाली पसंत केलेला ब्लाउजपीस घेऊन बाई बाहेर येते, उन्हात धरते, साडीचा काठ त्याला टेकवते, मान तिरकी करते आणि परत आत जाऊन सांगते, "किंचित काळपट मारतोय हो. ह्यातच जरा पिवळसर झाक असलेला दाखवा." दुकानदारही मुरलेला. तो वाद घालत नाही, मुकाट्याने पुढचा तागा उलगडतो. आमच्या पिढीची लग्नं कांदेपोह्यांच्या एका बैठकीत ठरली, पण शालूखालचा परकर चार दुकानं हिंडल्याशिवाय घेतला गेला नाही.

लोकरीच्या बाबतीत तर आम्ही याहून कडक. गुंड्याच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो. तो जुळला नाही तर गुंडा परत. एखादा कमी पडला आणि मागाहून दुसऱ्या लॉटचा आणला, की स्वेटरची एक बाही कोपराखाली वेगळी दिसायला लागते आणि घरी येणारी प्रत्येक पाहुणी नेमकं तिथेच बोट ठेवते.

ह्या संस्कारांची शिदोरी घेऊन मी न्यू जर्सीला भाचीकडे गेले. तिच्या तळघरात दोरीवर लोकरीच्या लडी वाळत होत्या. एकीत निळ्याचे पाच प्रकार, मध्येच कुठे तपकिरी ठिपके, एका जागी तर रंग लागलेलाच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, रंग नीट बसला नाही गं याला. डाग पडलेत."

"मावशी," भाची म्हणाली, "त्या डागांचेच तर पैसे आहेत."

भाची सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर लिहिते आणि शनिवार-रविवार लोकर रंगवते. तिच्यासारख्या कितीतरी बायका (आणि बरेच पुरुषही) अमेरिकेत, इंग्लंडात, कॅनडात घरच्या घरी हा उद्योग करतात. गिरणीतून न रंगवलेली, दुधाळ पांढरी मेरिनो लोकर लडींच्या रूपात आणायची, हाताने रंगवायची आणि विकायची. मोज्यांसाठीच्या बारीक लोकरीची लडी शंभर ग्रॅमची, लांबी सुमारे ४०० मीटर. म्हणजे एका माणसाच्या दोन पायांची सोय. किंमत साधारण तीस डॉलर. अमेरिकेत गेल्यावर डॉलरचे रुपये करायचे नाहीत, असं मुलाने विमानतळावर बजावलं होतं. मी मोठ्याने केले नाहीत. पण अडीच हजारांचे मोजे पायात घालून माणसाने चालावं कसं, जमिनीवर की हवेत, हा प्रश्न मला अजून पडलेला आहे.

रंगवण्याच्या घरात पाळायचा पहिला नियम भांड्यांचा. रंगाचं पातेलं, रंगाचा चमचा, रंगाचं मोजपात्र, रंगाचं थर्मामीटर हे सगळं वेगळं. त्यात पुन्हा कधी खायचं शिजवायचं नाही आणि स्वयंपाकघरातलं भांडं चुकूनही तिकडे न्यायचं नाही. कारण रास्त आहे, ते रंग पोटात जाण्यासाठी बनवलेले नाहीत. पण मी चहासाठी हात पुढे केला रे केला की भाची वरच्या पट्टीत ओरडायची, "मावशी, ते पातेलं नको! त्याला हात लावलास? आता हात धू." आमच्या आजीचं सोवळं याहून सैल होतं. आजी निदान आजारी माणसाला सूट द्यायची. जावईबापू सकाळी कपाट उघडून दोन कपांसमोर विचारात पडलेले दिसत. कुठल्या कपाने आपण कॉफी पितो आणि कुठल्याने बायको शेंदरी रंग ओतते, याची उजळणी चालू असायची.

प्रत्यक्ष कृती बघण्यासारखी आहे. लडी आधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, कारण कोरडी लोकर रंग धड पीत नाही. रंगाची पूड तोंडाला मास्क लावून वजनकाट्यावर मोजायची. एक ग्रॅम पूड शंभर मिलिलिटर पाण्यात, असा पक्का हिशेब. ही द्रावणं जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलेली असतात आणि वहीत प्रत्येक रंगाची कृती टाकलेली असते: अमुक पिवळा बारा मिलिलिटर, तमुक करडा तीन. एवढं दशांश चिन्हापर्यंत मोजल्यावर भाची पातेल्यावर झाकण ठेवते आणि म्हणते, "बघू आता काय येतंय ते." आमच्या स्वयंपाकघरात याच्या बरोबर उलट चालतं. तिथे काहीही न मोजता काय येणार ते आधीच ठाऊक असतं.

पातेल्यात सायट्रिक ॲसिड जातं, म्हणजे आपलं लिंबाचं सत्त्व. ते नसेल तर व्हिनेगर. पाणी ८५ अंशांच्या आसपास ठेवायचं, उकळी फुटू द्यायची नाही. आणि सर्वांत कठीण म्हणजे ढवळायचं नाही! लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळाघुसळ झाली की ते एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा होतो. मग तो सोडवायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. (गिरणीत क्लोरीनची प्रक्रिया करून, वर पातळ लेप देऊन हे खवले बसवलेली लोकरही मिळते. ती नमदा होत नाही आणि रंग भराभर पिते. पण सगळीच लोकर तशी नसते.) आयुष्यभर आमटी, पिठलं आणि खीर खाली लागू नये म्हणून झटलेल्या बाईच्या हातात उलथनं द्यायचं, समोर पातेलं वाफाळत ठेवायचं आणि ढवळू नकोस म्हणायचं, ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकात कशी नाही कोण जाणे.

पण त्या पातेल्यात पुढे जे घडतं ते बघून मी उलथनं विसरले. ओतला तेव्हा रंग इतका गडद की तळ दिसत नव्हता. हळूहळू पाण्याचा रंग उतरू लागला. अर्ध्या-पाऊण तासाने भाचीने झाकण उचललं तर पाणी नितळ! कपात घेऊन उजेडात धरलं, साधं पाणी. (कप अर्थातच रंगाचा.) सगळा रंग लोकरीत गेलेला. याचं शास्त्र असं की लोकर म्हणजे प्रथिन. आम्लात तिच्यावर धन भार येतो, रंगाचे कण ऋण भाराचे, आणि वर उष्णता मिळाली की कण लोकरीला असे धरतात की सोडत नाहीत. सुती धागा प्रथिन नाही. म्हणून लडी सुटू नये यासाठी जागोजागी बांधलेला सुती दोरा त्याच पातेल्यातून, त्याच आचेवरून, जवळजवळ कोराच बाहेर येतो. माणसाची कातडी मात्र प्रथिनच. हातमोजा फाटका निघाला की सोमवारच्या ऑफिस मीटिंगला भाचीचा अंगठा हिरवा असतो. साहेबाने विचारायचं आता सोडलं आहे.

सगळे रंग सारखे आज्ञाधारक नसतात. लाल झटकन चिकटतो. फिरोजी शेवटपर्यंत पाण्यात रेंगाळत बसतो. आणि जांभळ्याचं तर विचारू नका. जांभळा हा मुळात लाल आणि निळ्याचा संसार. आम्ल एकदम जास्त पडलं तर लाल घाईने मिळेल ती लोकर पकडतो, निळा मागाहून उरलेल्या जागेवर बसतो, आणि पातेल्यातून लडी निघते ती इकडे गुलाबी, तिकडे निळी. काळ्यातून असेच हिरवे आणि किरमिजी पदर फुटतात. आपल्याकडे साडी डाय करायला टाकली आणि अशी परत आली असती तर दुकानदाराने पैसे परत करून वर माफी मागितली असती. इकडे रंग मुद्दाम कसा फोडावा याचे क्लास चालतात. फी घेऊन.

याहून सोपा मार्गही आहे. अमेरिकेत कूल-एड नावाचं शाळकरी पोरांचं सरबत मिळतं. त्याच्या बिनसाखरेच्या पुडीत रंगही असतो आणि सायट्रिक ॲसिडही. म्हणजे लोकरीला लागणारी सगळी सामग्री एका पुडीत. पाण्यात पुडी, पाण्यात लोकर, खाली आच, की झालं. पहिल्यांदा रंगवणारे इथूनच सुरुवात करतात, आणि नंतर काही दिवस मोज्यांना द्राक्षांचा वास येतो. जिलबीत घालायचा केशरी रंगही लोकरीवर चढतो. सांगायचा हेतू एवढाच की उद्या घरातली जिलबी फिकी निघाली तर विणणाऱ्या व्यक्तीकडे आधी चौकशी करावी.

मुळात ह्या कृत्रिम रंगांचा जन्मच घरगुती उद्योगातून झालेला. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवायला बसला होता. हिंदुस्थानासारख्या मुलखात साहेब लोकांना मलेरियाने हैराण केलं होतं आणि क्विनीनची टंचाई. क्विनीन काही झालं नाही, काळा चिखल तेवढा झाला. तो धुताना त्यातून जांभळा रंग निघाला आणि रेशमावर असा बसला की हटेना. पोराने शिक्षण सोडून कारखाना काढला. दोन वर्षांत, १८५८ साली, राणी व्हिक्टोरिया मुलीच्या लग्नात ह्याच छटेचा झगा घालून मिरवली. डास आपले, ताप साहेबाला आणि झगा राणीला.

परत लडींकडे. रंग देण्याच्या तऱ्हा अनेक. अख्खी लडी पातेल्यात बुडवायची, की एकाच रंगाच्या हलक्या-गडद लाटा उमटतात. लडी ओट्यावर पसरून तिच्यावर ब्रशने पट्टे ओढायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आणि वाफवायची. किंवा ओल्या लडीवर कोरडी पूड चिमटीने भुरभुरवायची, त्याचे ठिपके होतात. ठिपक्यांची सध्या फार चलती आहे. चिमूट किती, उंची किती, मनगट कसं झटकायचं, यावर म्हणे कारागिराची सही ओळखू येते.

त्यात लोकर साधी, एकसारखी असेल तर निम्मं काम. हौशी लोकांना पोत लागतो. एका प्रकारात धागा मुद्दाम कुठे बोटाएवढा जाड, कुठे शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक कातलेला. आमच्या वेळी टकळीवर असं सूत काढलं असतं तर शाळेतल्या बाईंनी पुन्हा कातायला लावलं असतं. दुसऱ्या प्रकारात सगळ्या धाग्यावर बारीक वेटोळी. सैल पिळाचा जाड भाग रंग एका तऱ्हेने पितो, करकचून पिळलेला बारीक भाग दुसऱ्या तऱ्हेने, त्यामुळे एकाच रंगात बुडवून चार रंग निघतात. दिसायला अप्रतिम. विणायला मात्र घेऊ नये. त्या वेटोळ्यांत टाका दिसतच नाही, बोटाने चाचपून मोजावा लागतो. आणि चुकलं तर उसवणं अशक्य, कारण वेटोळी एकमेकांत गुंतून बसतात. मी तरी असली लोकर फक्त बघते.

आता नावं. मराठी रंगांची नावं मंडईतून आलेली आहेत: वांगी, डाळिंबी, लिंबोणी, आमसुली. थोडी पक्ष्यांकडून, पोपटी आणि मोरपंखी. नाव ऐकलं की रंग डोळ्यांसमोर. हातरंगाईच्या जगात नावावरून रंग कळणं कमीपणाचं समजतात. भाचीच्या एका करड्या-जांभळ्या लडीचं नाव होतं 'न पाठवलेलं पत्र'. हिरवट-पिवळ्या लडीचं नाव 'तिसऱ्या मजल्यावरचा मंगळवार'. नावं ठेवायचं खातं जावईबापूंकडे आहे आणि लग्नाआधी ते कविता करत, ही माहिती मला त्या दिवशी मिळाली. मी म्हटलं, "हा सरळ वांगी रंग आहे, वांगी म्हणा." भाची म्हणाली, "मावशी, तीस डॉलरला वांगं कोण घेईल?" बिनतोड प्रश्न होता. पण पुढे तिने काळपट लाल रंगाच्या एका लडीला 'आमसूल' नाव दिलं, खाली दोन ओळी कोकणातल्या उन्हाविषयी लिहिल्या, आणि ती सगळ्यांत आधी खपली. कमिशन मागितलेलं नाही.

लडी घेतली, आता विणायची. इथे खरी गंमत सुरू होते. लडी पिळून ठेवलेली असताना स्वर्गीय दिसते. तिचा गुंडा करायचा तर फिरती चरखी लागते. ती नसेल तर कुणीतरी दोन हात पुढे करून बसायचं. लहानपणी आम्हा भावंडांना ही शिक्षा होती. परवा जावईबापू त्याच मुद्रेत सोफ्यावर बसलेले दिसले आणि टीव्हीवर मॅच चालू होती. चौकार गेला की लडी घसरायची.

गुंडा होतो, टाके घातले जातात, चार बोटं विणून होतं आणि पाहतो तो काय, लडीत विखुरलेले रंग आता एकाच जागी गोळा व्हायला लागलेले! कारण सोपं आहे. लडीच्या एका वेढ्यात रंगांचा क्रम ठरलेला, आणि तुमच्या ओळीची लांबी त्या क्रमाशी जुळली, की प्रत्येक ओळीत हिरवा हिरव्यावरच येऊन बसतो. मोज्यावर हे झालं तर बुटात झाकलं जातं. स्वेटरवर ते हिरवं डबकं पोटाच्या बरोबर मध्यभागी जमतं, आणि ज्या अवयवाकडे लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून माणूस स्वेटर घालतो, तिथेच ते बाण दाखवतं. उपाय म्हणून जाणकार दोन लडी एकदम घेऊन आलटून पालटून विणतात, दोन ओळी हिच्या, दोन तिच्या. थोडक्यात, तीस डॉलरला एक बेशिस्त लडी विकत घ्यायची, आणि तिला शिस्त लावायला आणखी तीस डॉलरची दुसरी.

ऑक्टोबरात भाची मला ऱ्हाइनबेकला घेऊन गेली. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. दर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी तिथल्या जत्रेच्या मैदानावर मेंढ्या आणि लोकरीचा मेळा भरतो. त्यासाठी खास विणलेल्या स्वेटरला 'ऱ्हाइनबेक स्वेटर' असंच म्हणतात. उन्हाळ्यात सुरुवात करायची आणि मेळ्याला जाताना गाडीत मागच्या सीटवर शेवटची बाही पुरी करायची, ही रीत. एखाद्या वर्षी ऑक्टोबर गरम निघतो. तरी स्वेटर कुणी काढत नाही. घामाने निथळत बायका एकमेकींच्या छातीकडे रोखून बघतात, मग बाहीला हात लावायची परवानगी मागतात, आणि चेहऱ्याकडे बघणं जमलं तर शेवटी. नामांकित रंगाऱ्यांच्या गाळ्यासमोर लांबलचक रांगा. शेजारच्या गोठ्यात मेंढ्या, पांढऱ्या, मळक्या, निवांत रवंथ करणाऱ्या. आपल्या अंगावरच्या मालाचं पुढे काय होतं याची त्यांना कल्पना नाही, हे बरंच आहे.

गाळ्यांत उजेड कमी होता. सवयीने मी एक लडी उचलली आणि उन्हात बघायला दाराकडे निघाले. दारात गर्दी! पाच-सहा अमेरिकन बायका आधीच लडी उन्हात धरून, मान तिरकी करून उभ्या. एकीने माझ्याकडे बघून नाक मुरडलं आणि नकारार्थी मान हलवली. तिलाही माझी लडी काळपट वाटली असावी. बरोबर होतं तिचं.

तिथे उरुग्वेतल्या 'मानोस देल उरुग्वे' ह्या संस्थेचीही लोकर पाहिली. खेड्यापाड्यांतल्या बायकांना काम मिळावं म्हणून १९६८ साली उभी केलेली ही संस्था. मोठ्या पातेल्यांत थोडी थोडी लोकर रंगवायची, त्यामुळे एक घाणा दुसऱ्यासारखा यायचा नाही. तो फरकच पुढे ह्या लोकरीचा दागिना झाला. चिठ्ठीवर कारागीर बाईचं आणि तिच्या गावाचं नाव असतं. तेवढी चिठ्ठी बघून मला किंमत थोडी कमी वाटली. थोडीच.

परत आल्यावर पुण्यातल्या मैत्रिणींना लडी दाखवल्या. पहिली म्हणाली, "रंग जाईल का गं?" दुसरी म्हणाली, "डिस्काउंटमध्ये मिळाली का?" तिसरीने चष्मा लावला, लडी खिडकीपाशी नेली, बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "ह्याच्या आणखी दोन मिळतील?" मिळणार नाहीत म्हटल्यावर तिने लडी जी हातात धरली ती घरी जाईपर्यंत सोडली नाही. आपल्याकडे थंडी पडते जेमतेम, आणि धनगरांची दख्खनी मेंढीही बहुतेक काळी, तिच्या लोकरीवर दुसरा रंग चढायची सोय नाही. म्हणून ही चैन आपल्याला उशिरा कळली. कळली आहे मात्र नक्की. आपल्या देशातही आता लोकर हाताने रंगवून विकणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्या लडींना विमानाचं भाडं पडत नाही.

तेव्हा घेणार असाल तर एवढं ऐका. फोनवरच्या फोटोवर जाऊ नका, दर फोनवर रंग वेगळा दिसतो. स्वेटरला लागते त्यापेक्षा एक लडी जास्त आणि सगळ्या एकदमच घ्या, कारण पुढच्या महिन्यात तोच रंग मागितलात तर रंगवणारी बाई गोड हसून दुसराच देईल. पहिली धुलाई थंड पाण्यात, वेगळ्या बादलीत. आणि बारशाला कुंची विणून नेलीत तर आईला आधीच सांगून ठेवा की ते ठिपके रंगाचे आहेत, नाहीतर ती माऊली पहिल्याच दिवशी साबण लावून ते चोळत बसेल.